बेरोच्या आत कोण होतं

सान तेल्मो गावच्या जत्रेत पोलिसाने झाडलेल्या दोन्ही गोळ्या बेरोच्या छातीत शिरल्या आणि बेरो नाचत राहिला.

बेरो कागदाचा आहे. बांबूच्या सांगाड्यावर कागद चिकटवून केलेला, दोन मजले उंच शेतकरी. डोक्यावर गवती टोपी, उगारलेल्या हातात चंदेरी कागदाचा कोयता. त्याला खांद्यावर पेलून नाचवणारी बाई मात्र हाडामांसाची. तिचं नाव कॉन्सोर्सिया एव्हार्दोने. ती बाजारात तिलापिया मासे विकते. गाव तिला आते सियांग म्हणतं. आते म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून मोठी माणसंही तिला आते म्हणतात, कारण तिच्याशी भांडून अजून कोणी जिंकलेलं नाही.

"आधी नुसतं ठप्प ठप्प झालं," ती मासे खवलताना प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. "मग डोक्यावर दोन चांदण्या उगवल्या. म्हटलं, भरदिवसा? हात वर करून बोट घातलं तर भोक गरम!" इथपर्यंत आली की तिला हसू फुटायचं. हसता हसता ती सुरी खाली ठेवायची, गिऱ्हाईकही पिशवी खाली ठेवायचं. जत्रा संपली तरी तिचं हसू संपेना. जिवंत असण्याची अशी झिंग गावाने कधी पाहिली नव्हती.

गोळ्या झाडणारा जेर्विन सुमिलांग त्याच आठवड्यात डोंगरातल्या गावाहून बदलून आला होता. तिकडे कागदी राक्षस नाचवत नाहीत. त्याची ड्यूटी चर्चमागच्या गल्लीत होती. भिंतीपलीकडे त्याला एवढंच दिसलं, की एक आडदांड माणूस माडीतल्या म्हातारीवर कोयता उगारून उभा आहे. त्याने पिस्तूल काढलं.

ठाणेदार बारामेदांनी, ज्यांना गाव हेपे म्हणतं, घटनेची नोंद करून घेतली: कागदी पुतळा, एक. नुकसान, छातीला दोन भोकं.

"आणि मी?" आते सियांगने विचारलं.

"तुला काय झालंय? ठणठणीत तर आहेस."

"हेपे, माझ्यावर गोळी झाडलीय!"

"बेरोवर झाडली. तू त्याच्या पायांत होतीस."

"पाय माझे होते!"

ठाण्यातले सगळे हसले. तीही हसली. पण तक्रार मागे घेतल्याचा जो कागद हेपेंनी तिच्यापुढे सरकवला, त्यावर तिने सही केली नाही. हेपेंनी बेरोला नवी छाती बसवून द्यायचं कबूल केलं. वर एक अख्खं भाजलेलं डुक्करही.

"डुक्कर आणा, खाईन मी," ती म्हणाली. "सही नाही करणार."

दुसऱ्या दिवशी जेर्विनची आई, पुरेसा तिचं नाव, डोंगर उतरून आली. केळीच्या पानात भाजलेले तांदळाचे बिबिंगका घेऊन ती थेट मासळीबाजारात गेली आणि भर चिखलात गुडघे टेकायला लागली. आते सियांगने तिला काखेत हात घालून उठवलं.

"अगं, झगा खराब होईल. ऊठ. तुझा पोरगा वाईट नाही. काल येऊन माझ्यापेक्षा जास्त रडून गेला. मलाच त्याचं नाक पुसावं लागलं."

"मग सोड ना त्याला."

"या वेळी छाती पोकळ होती, पुरेसा. पुढच्या वेळी नसेल."

पुरेसाने बिबिंगका पुढे केले. दोघींनी मिळून ते तिथेच संपवले, आणि आते सियांग हात धुऊन सरकारी वकिलांच्या कचेरीत गेली.

सरकारी वकील तामोन्दोंगबाईंना गावात फिस्कल म्हणतात. त्या सहसा हसत नाहीत. त्यांनी तक्रार ऐकली, हेपेंची नोंद वाचली आणि म्हणाल्या, "जिथे घडलं तिथेच, जसं घडलं तसं करून दाखवा. बेरो हवा, बँड हवा, माडीवरच्या आजीही हव्यात. पिस्तूल लाकडाचं चालेल."

पुढे जे झालं, ते व्हायला नको होतं. म्हणजे, फिस्कलना गर्दी नको होती. पण बँड वाजला की सान तेल्मोत कोण घरात बसतं? गल्लीत सरबताची गाडी आली, मग भाजलेल्या मक्याची. कोणीतरी खिडक्यांना पताका बांधल्या. हेपे ओरडत होते, "ही जत्रा नाही! सरकारी काम आहे!" आणि त्यांची स्वतःची बायको मका खात होती.

जेर्विन लाकडी पिस्तूल घेऊन भिंतीआड उभा राहिला. पोरगा पांढराफटक पडला होता. मागून कोणीतरी विचारलं, "काय रे, तुमच्या डोंगरात माणसं एवढी उंच होतात?"

"वाटलं, कशावर तरी चढलाय," तो पुटपुटला.

बँड सुरू झाला. भोकं पडलेल्या छातीचा बेरो डुलत डुलत आला आणि माडीखाली थांबून त्याने वाकून नमस्कार केला. आमच्याकडे राक्षस प्रत्येक माडीला तीनदा वाकतो, आणि घरधन्याने त्याच्या दुसऱ्या हातातल्या पिशवीत खाऊ टाकल्याशिवाय तो हलत नाही.

"थांबा," फिस्कल म्हणाल्या. "सुमिलांग, पिस्तूल कधी काढलंत?"

"पहिल्यांदा वाकला तेव्हा. कोयता खाली आला ना."

"काढा. बँडवाले, वाजवा पुढे."

बेरो दुसऱ्यांदा वाकला. तिसऱ्यांदा वाकला. माडीत लोला उसांग, आमच्या गल्लीची सगळ्यात म्हातारी आजी, दोन्ही हात कठड्यावर ठेवून खुशीत हसत होती. मग ती आत निघून गेली.

"कुठे चालल्या?" फिस्कलनी विचारलं.

"बिस्किटांचा डबा आणायला!" आतून आवाज आला. "त्या दिवशीही सापडत नव्हता!"

बँड वाजत राहिला. बेरो डुलत राहिला. जेर्विन पिस्तूल रोखून उभा राहिला. त्याचा हात दुखायला लागला, त्याने दुसऱ्या हाताचा आधार घेतला. गर्दीतून पहिलं खुदकन ऐकू आलं.

आजी डबा घेऊन परत आली, झाकण उघडेना म्हणून कठड्यावर आपटू लागली. गर्दी आता हसून हसून लोळायची बाकी होती.

"म्हणजे," फिस्कल सावकाश म्हणाल्या, "कोयतेवाला अंगावर आलाय, आणि आजी त्याच्यासाठी बिस्किटं आणायला आत जाऊन परत आल्या. गोळी कधी झाडलीत?"

"झाकण... झाकण उघडल्यावर."

हेपे पुढे सरसावले. "बाईसाहेब, पोराला तो खरा माणूसच वाटला. प्रामाणिक चूक आहे."

बेरोच्या पोटातून आवाज आला, "हेपे, ठाण्यात म्हणालात, कागद मारला. आता म्हणता, माणूस वाटला. एक काय ते ठरवा, माझे खांदे भरून आलेत!"

"माणूस वाटला, तर मग त्याला हाक मारलीत का?" फिस्कलनी जेर्विनला विचारलं. "थांब म्हणालात? पोलीस म्हणालात?"

जेर्विनने नकारार्थी मान हलवली. "बँड वाजत होता. वाटलं, ऐकू जाणार नाही."

गर्दीतून पुरेसा बाहेर आली आणि हातातल्या पंख्याने तिने लेकाच्या दंडावर फटका मारला.

"अरे, कोंबडीला हाकलतानासुद्धा आधी हुश्श म्हणतात! हेच शिकवलं का मी तुला? एवढा वेळ उभा होतास आणि तोंडातून शब्द नाही?"

"नानाय..." जेर्विनने आईला हाक मारली.

"नानाय काय! आत बाई होती!"

"ही साक्ष नाही," हेपे घाईघाईने म्हणाले. "आईचं बोलणं आहे."

"मीसुद्धा ऐकलं," फिस्कल म्हणाल्या. आता त्यांच्या ओठाचा एक कोपरा थरथरत होता. "निष्काळजीपणा की जिवे मारण्याचा प्रयत्न, ते कोर्ट बघेल. पण गुन्हा माणसावरचा आहे, पुतळ्यावरचा नाही. सुमिलांग, तुमचं खरं पिस्तूल आजच जमा करा."

जेर्विनने लाकडी पिस्तूल खाली ठेवलं. मग सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "कोर्टात गोळ्या मी झाडल्या म्हणूनच सांगेन. हाक मारली नाही, तेही सांगेन." रडत नव्हता. पुरेसाने पंखा मिटला आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

बेरोला भिंतीला टेकवून आते सियांग घामाने निथळत बाहेर आली. हेपेंनी तिच्यासमोर सहीचा कागद धरला नाही. फिस्कलच्या कारकुनाने बाकावर टाइपरायटर ठेवला आणि नवा कागद चढवला.

"जिच्यावर गोळी झाडली तिचं नाव?"

"कॉन्सोर्सिया एव्हार्दोने!" तिने असं ओरडून सांगितलं, की तळ्यावरच्या होड्यांतही ऐकू गेलं असेल.

"व्यवसाय?"

"तिलापिया! ताजी!"

"वय?"

आते सियांगने केस नीट केले. "एकेचाळीस."

"खोटं!" अख्खी गल्ली एका आवाजात ओरडली. लोला उसांग माडीतून सगळ्यांत मोठ्याने ओरडली, आणि फिस्कल तामोन्दोंगना शेवटी हसण्यासाठी पाठ फिरवावी लागली.