भिंतीपासून वीस इंच

वीस.

शेखरने टेप पुन्हा लावली. मागच्या भिंतीपासून कमोडच्या तळाच्या बोल्टपर्यंत. वीसच.

"दुकानदार काय म्हणाला होता?" उज्वलाने दारातून विचारलं.

"नऊ, नाहीतर बारा. वीसचं कमोड कुणी बनवतच नाही म्हणे."

"अहो, टेप उलटी नाही ना धरली?"

त्याने टेपवरचा आकडा तिला दाखवला. जुन्या कमोडला तळापासून तडा गेला होता. आई, कुसाबाई, खुब्याचं ऑपरेशन करून मालेगावला शुभांगीकडे होती. बहिणीने तिच्यासाठी खोली रंगवली होती, टीव्हीही लावला होता. इथं फरशी फोडून पाइप सरकवायचा म्हणजे दोन-तीन आठवडे. तोवर आई तिकडे रुळली असती, आणि मग या घरात पाहुणी म्हणून आली असती.

वीस वजा बारा. मधले आठ कुणाचे?

त्याने हेच फोनवर विचारलं, तेव्हा आई हसली. "अरे, दाराचे ते."

"कुठलं दार?"

"डाव्या हाताला, गल्लीकडचं. पत्र्याचं. विसरलास?"

विसरला होता. आता एकदम कडीच ऐकू आली.

आजोबा सावळीराम, सगळ्यांचे तात्या, अर्धांगाने आडवे झाले तेव्हा शेखरच्या वडिलांनी, अण्णांनी, गल्लीतलं पहिलं कमोड आणलं. लोक बघायला आले. खुर्चीवर बसून कुठं होत असतं का, असं शेजारचे गोटीरामकाका भर ओट्यावर म्हणाले. पुढं त्यांचेच गुडघे धरले. दुसऱ्याच्या घरातून आत यायची लाज. मग अण्णांनी बाजूची भिंत फोडून दार काढलं. दार आत उघडायचं, त्याला जागा हवी, म्हणून नवी कोरी फरशी उखडून कमोडही पुढे घेतलं.

तेव्हापासून सकाळ म्हणजे कडी. गोटीरामकाका. महेबूबचाचा. रंगनाथआप्पा, काठीसकट.

"तात्या, झालं का?"

"बातमी मोठी आहे रे."

"मग मोठ्याने वाचा, आम्हालाही कळू द्या."

आणि आत तात्या खरंच पेपर वाचायचे, बाहेर म्हातारे हुंकार द्यायचे, आणि शेखर दप्तर पाठीला लावून स्वतःच्याच घरात रांगेत शेवटी उभा.

मग तात्या गेले. मग चाचा. काका. घरोघरी कमोड आले. एका दुपारी अण्णांनी स्वतः त्या दारात विटा लावल्या, गिलावा केला आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

"आई, मग फरशी फोडू का?"

"कशाला? कमोड भिंतीला टेकलंच पाहिजे का? बाराचं आण. मागं राहू दे रिकामं."

"बरं नाही दिसणार."

"मागं बघायला कोण बसतंय."

पलीकडे शुभांगी काहीतरी म्हणत होती. आईने फोनवर हात ठेवला असावा. शब्द कळले नाहीत, सूर कळला. बराच वेळ तो सूर चालला. शेखर टेपचं टोक बोटाने दाबत उभा राहिला.

"ऐक," आई परत आली. "ती रुसलीये. दिवाळीला येते म्हटलंय मी तिच्याकडे. तू रविवारी ये न्यायला."

त्याने द्वारका चौकातल्या दुकानात फोन लावला. बाराचं द्या, पाण्याची नळी लांब द्या.

"आणि मागं झाडू कसा जायचा?" उज्वला म्हणाली.

शेखरने वाकून भिंत आणि जुनं कमोड यांच्यामध्ये हात घातला. कोपरापर्यंत गेला.

"जातो," तो म्हणाला.