धाकटी पहिली होती

मी एक मर्ज कमिट बोलतोय. प्रोग्राममध्ये केलेल्या बदलाची प्रत्येक नोंद म्हणजे कमिट. इतर नोंदींना पालक एकच, आधीची नोंद. एकाच प्रोग्रामवर वेगवेगळं काम करायला त्याच्या वेगळ्या वाटा काढतात, त्या फांद्या. मी मात्र दोन फांद्यांवरचं काम जोडताना जन्मलो, म्हणून मला पालक दोन. जोडणारा ज्या फांदीवर उभा असेल, ती पहिली पालक. दुसरीला विचारतो कोण!

मला जोडलं दादाने. त्याची धाकटी बहीण ऑफिसात त्याच्या शेजारीच बसायची. दवाखान्यात ज्यांना नीट दिसत नाही, त्यांचा नंबर मोठ्याने पुकारणारा प्रोग्रामचा भाग ती करत होती. "दादा, जोडायचं काम तुझं हं. माझ्या हातून काहीतरी बिघडतं," असं म्हणायची. काम पूर्ण झालं, आणि आजाराचं निमित्त होऊन ती गेली.

दादा तिच्याच खुर्चीत, तिच्याच लॅपटॉपवर बसला. डोळे भरून आलेले. समोर तिची फांदी उघडी होती. आधी सगळ्यांचं काम असलेल्या मुख्य फांदीवर जायचं, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. सगळ्यांचं काम त्याने तिच्या फांदीवर आणलं आणि तेच मुख्य म्हणून पाठवून दिलं. माझी पहिली पालक धाकटी झाली.

ऑफिसातली बदलांची यादी पहिल्या पालकाचाच माग काढते. सकाळी सगळ्यांच्या पडद्यावर ओळीने तिचं नाव. हातातला चहा तसाच धरून माणसं बघत राहिली.

"अरे, उलटं झालंय," टीमच्या बाई हळूच म्हणाल्या. "बाकीच्यांचं काम दिसतच नाहीये."

"कळतंय, बाई. आजचा दिवस राहू द्या ना."

"संध्याकाळी कर मग," म्हणत बाईंनी तोंड फिरवलं.

संध्याकाळी त्याने मला काढून माझ्या जागी नवा मर्ज केला. पालक तेच, क्रम उलटा. पुकारा व्यवस्थित चालतो, पण यादीत धाकटी कुठेच नाही. खोदून पाहणाऱ्यालाच ती सापडेल.

मी आता फक्त तिच्या लॅपटॉपवर उरलोय. उद्या तो पुसून नव्या मुलीला देणार आहेत. मला फार वाईट वाटतंय. माझ्याबरोबर तिचा पहिला नंबरही जाणार.

मघाशी दादाने लॅपटॉप उघडला, तिच्या नावाच्या ओळींवरून बोट फिरवलं. "तू पहिली होतीस हं," म्हणाला.

मुली, उद्या या खुर्चीत बसशील, तेव्हा शेजारच्या माणसाला एकदा दादा म्हण.