काहीही न विचारणारी सीडी

सौरभने जांबे गावातल्या भाड्याच्या खोलीत बसून मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर केलं होतं. दिवसा हिंजवडीतली नोकरी, संध्याकाळी हा उद्योग. गिऱ्हाइकं मोजकीच, त्यात सगळ्यात चिवट कोळवण गावच्या उषाताई. किराणा दुकान सांभाळून त्या दुपारी कॉम्प्युटरवर कादंबरी लिहीत. नवी सीडी घातली की दुकानातून त्यांचा फोन ठरलेला. "अवं सौरभभाऊ, आता हे काय इचारतंय? 'पुढे' दाबू का नको?"

या प्रश्नांना विटून सौरभने या खेपेला इन्स्टॉलरच बदलला. सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर चढवून देणारा तो तयार प्रोग्राम. त्यातला एकेक प्रश्न त्याने काढला आणि उत्तर आपणच आत लिहून टाकलं. कुठल्या फोल्डरमध्ये ठेवू? नेहमीच्याच. फोल्डरमधल्या जुन्या फायली पुसू? पूस बाबा, जुने फॉन्ट नव्यांशी भांडतात. आता सीडी घातली की काम फत्ते. गडी स्वतःवर बेहद्द खूश होता. शनिवारी बाकीच्या सीड्या कुरियरने गेल्या. उषाताईंची मात्र लवकर पोचावी म्हणून त्याने एसटीच्या कंडक्टरकडे दिली.

रविवारी सकाळी खोलीत सोबत राहणाऱ्या मनीषने तीच सीडी आपल्या कॉम्प्युटरवर चालवली आणि बोंब ठोकली, "अरे, माझ्या कविता कुठे गेल्या?"

कविता भिकारच होत्या, पण सौरभने झडप घालून फोल्डरमध्ये पाहिलं. लोकांना सापडायला सोपं जावं म्हणून त्यांचं लिखाण आपोआप त्याच फोल्डरमध्ये जाईल अशी सोय त्यानेच केली होती. फॉन्टबरोबर तेही साफ. पुसलेलं परत आणायचे दोन-तीन उपाय करून पाहिले, हाती नुसता कचरा आला. उषाताईंना फोन लावला तर लाइन बंद. तो तसाच पायात चपला सरकवून निघाला.

पौडपर्यंत कसाबसा पोचला, पण कोळवणची जीप भरल्याशिवाय हलेना. ड्रायव्हर टपरीवर निवांत चहा फुंकत होता. सौरभ जीपमध्ये चढला, उतरला, बूथवरून पुन्हा फोन लावून आला.

"चला की हो आता!"

"अजून चार शिटं यायची हायेत. तुमी काय डाक्टर हाय व्हय?"

सीडी स्टँडवरच पडून असेल, रविवारी दुकानात गर्दी असेल, वीज गेली असेल, असं काहीबाही सौरभ मनाला सांगत होता. उषाताईंच्या दुकानात वीज नसावी म्हणून त्याने चक्क देवाला हात जोडले. चढाला जीप रखडली तेव्हा उतरून पळत सुटावं असं त्याला वाटलं.

उषाताई गल्ल्यावर बसून सुपातले शेंगदाणे निवडत होत्या. त्याला बघून त्यांचा चेहरा फुलला. "या, या! सीडी कवाच घातली. एक शब्द इचारला न्हाई बघा तिनं. म्हनलं, भावानं माझ्यासाठी समदं नीट केलंया. गिऱ्हाईक हटलं की लिवायलाच बसते."

"उषाताई, तुमची कादंबरी पुसली गेली."

"म्हंजी?"

"सगळी गेली."

"पन मला इचारलं न्हाई तिनं."

"तो प्रश्न मीच काढून टाकला होता."

हातातलं सूप त्यांनी खाली ठेवलं. एक पोरगी साखर मागत होती, तिच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"बाकीचं लिवीन मी परत," त्या म्हणाल्या. "पन आईचं मरान लिवलं हुतं त्यात. लिवताना घास उतरत नव्हता. ते दुसऱ्यांदा न्हाई व्हायचं माझ्याच्यानं."

"तुम्ही नुसतं सांगा, मी टाइप करतो."

"न्हाई."

सौरभ पोत्यावर मान खाली घालून बसला. त्याला रडू येत होतं आणि आपल्याला रडायचा हक्क नाही हेही कळत होतं.

"ह्या सीड्या अजून कुनाकुनाला धाडल्यात?" उषाताईंनी एकदम विचारलं.

सौरभने दचकून वर पाहिलं. कुरियर उद्या घरोघर पोचणार होतं. सकाळपासून त्या माणसांची त्याला एकदाही आठवण झाली नव्हती.

"उद्या मिळतील त्यांना."

"मंग हितं काय बसून ऱ्हायलाय? जीप हाय अजून, पौडवरनं समद्यांस्नी फोन लावा."

"उषाताई, मी..."

"उठा म्हनते ना! तिकडं बी कुनाची तरी आई असंल."