धोतर सावरत पळणारा शेटजी

लाकडी दांडी, मधे पत्र्याचे कडे आणि टोकाला खारीच्या शेपटीचे केस. मित्रांनो, एवढेच काय ते माझे रूप. मी एक साधा कुंचला आहे. लातूरच्या एका दुकानातून पंचाक्षरी पेंटरने मला विकत घेतले आणि एस.टी.ने औशाला आपल्या घरी आणले.

पंचाक्षरी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्या कामासाठी त्याच्याकडे जाड कुंचले होते. मला मात्र त्याने बायकोसाठी आणले होते. शिवगंगाला जुन्या विनोदी नाटकांचे वेड होते. जत्रेत नाटक कंपनी आली की नवराबायको पुढे जागा धरून बसत. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण तिचे दोन्ही कान गेले. त्यानंतर ती एकदाच नाटकाला गेली. सगळे पोट धरून हसत होते आणि ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "आता मला नेऊ नका. लोक मलाच हसायलेत, असं वाटतंय."

दुसऱ्याच दिवशी पंचाक्षरी लातूरला आला होता, तो माझ्यासाठी.

त्याने वाचनालयातून जुन्या नाटकांची पुस्तके आणली आणि कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर एकेक प्रसंग काढू लागला. उसना कोट घालून मुलगी बघायला आलेला नवरदेव आणि समोर पाहुणा म्हणून बसलेला कोटाचा मालक. बायकोच्या धाकाने कणगीत लपलेला नवरा. चोर आले असे ऐकून धोतर सावरत पळणारा कंजूष शेटजी. चित्राखाली तो एक अक्षर लिहीत नसे. नुसते बघून कळले पाहिजे, हा त्याचा हट्ट.

पहिली चित्रे बघून शिवगंगा हसली नाही. त्याने सगळ्यांनाच दात काढून हसताना दाखवले होते. तिने नवरदेवाच्या तोंडावर बोट ठेवून विचारले, हा तर घाबरलाय, मग हसतो कशाला? पंचाक्षरीने तो चेहरा पुन्हा काढला. विनोदी नाटकातला माणूस स्वतः हसत नसतो, तो बिचारा अडचणीत असतो, हे त्या दिवशी आम्ही दोघेही शिकलो. नवा चेहरा बघून ती इतकी हसली की शेजारची उमादेवी धावत आली.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. दुकानेच ओस पडली, पाट्या कोण रंगवून घेणार? पंचाक्षरी आणि शिवगंगा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. घरात रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी असे. मी पेटीत पडून होतो.

खडीसाठी खदानीत सुरुंग लावत. मुकादम वीरण्णा मोठ्याने हाळी देई आणि सगळे लांब पळत. तिसऱ्या दिवशी शिवगंगा हाळी ऐकू न आल्याने खडीची पाटी भरत बसून राहिली. एका बाईने तिला दंडाला धरून ओढले, म्हणून वाचली. उडालेला दगड तिच्या पाटीत येऊन पडला.

वीरण्णाने पंचाक्षरीला बाजूला घेऊन सांगितले, "पेंटर, बाई कामाला लई चांगली हाय. पण उद्यापासून तिला आणू नका. काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

काम सुटले तर एकाच्या कमाईवर दोघांची पोटे भरणार नव्हती. त्या दिवशी घरी येताच पंचाक्षरीने मला पेटीतून काढले. एका अर्धवट पाटीचा पत्रा अंगणात टेकवला आणि दिवस मावळायच्या आत त्यावर पळणारा शेटजी काढला, लालभडक धोतरातला, माणसाएवढा. सकाळी तो पत्रा बांबूला बांधून तो वीरण्णापुढे उभा राहिला.

"लाल निशाण हाय की आपल्याकडं," वीरण्णा म्हणाला.

"निशाणाकडं कुणी बघत न्हाई. ह्याच्याकडं बघितल्याबिगर राहवायचं न्हाई."

वीरण्णाने एक दिवस बघतो म्हणून कबूल केले. हाळीबरोबर शेटजी वर चढला. सगळ्यांत आधी शिवगंगाने पाहिला आणि ती हसतच पळाली. तिच्यामागे बाकीच्या बायका शेटजीसारखे लुगडे सावरत पळाल्या. मग तो पत्रा काम संपेपर्यंत रोज वर चढत राहिला. त्या खदानीत सुरुंगाने एकाही माणसाला इजा झाली नाही. मला याचा आजही अभिमान वाटतो.

पुढे पाऊसपाणी बरे झाले, पाट्या परत आल्या. आणि ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. पाट्यांवर जिथे तिथे 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' लिहायचे होते. पंचाक्षरीला दम घ्यायला वेळ नव्हता. बारीक रेघा मारायला तो मला वापरायचा आणि न धुताच डब्यात टाकायचा. केसांवर रंग वाळून मी दगडासारखा झालो. शिवगंगाने एकदा कोरे कॅलेंडर त्याच्यापुढे ठेवले. नंतर, असे त्याने हातानेच सांगितले. तिने ते उचलून नेले. तशी दोन वर्षे गेली.

मग लातूरला एक विनोदी नाटक लागले. पंचाक्षरी शिडीवर होता. मला नेऊ नका म्हणणारी शिवगंगा या वेळी आपणहून उमादेवीबरोबर गेली. परत आल्यावर तिने डब्यातून मला शोधले, रॉकेलमध्ये भिजवले, साबणाने धुतले. माझे निम्मे केस गळून पडले. तरीही तिने उरलेल्या केसांनीच चित्र काढायला घेतले. तिने आयुष्यात कधी कुंचला धरला नव्हता. रेघा वाकड्या येत होत्या.

पंचाक्षरी घरी आला तेव्हा तिने चित्र त्याच्यापुढे ठेवले. एक टेबल, त्यावरून भुईपर्यंत लोंबणारा कपडा आणि टेबलाखाली दोन माणसे, एकमेकांकडे पाठ करून बसलेली. त्याला काही कळेना. हे काय, असे त्याने खुणेने विचारले.

"दोघं मेहुणे एकाच टेबलाखाली लपलेत," ती म्हणाली. "आणि दोघांनाबी वाटतंय, आपण एकटेच हाव."

पंचाक्षरी हसला. मग हळूहळू त्याचे हसू थांबले. चित्र हातात धरून तो तिच्या शेजारी भुईवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. दुसऱ्या दिवशी एक पाटी तशीच राहिली आणि मी पुन्हा कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर होतो.

मित्रांनो, माझे गळलेले केस पुन्हा काही उगवले नाहीत. कामाच्या धांदलीत ज्याला बाजूला ठेवाल, त्याला रोज एकदा तरी हातात घेत जा. मऊ राहायला त्याला तेवढे पुरते.