तणस काढल्यावर

एकसष्ट टक्के. एवढं झालं की अजून दहा-बारा मिनिटं, मग नकाशा तयार, मग पेनड्राइव्ह, मग उद्या सकाळच्या जीपने प्रफुल्ल तो घेऊन तालुक्याच्या बैठकीला

बंद.

स्क्रीन काळी. डोक्यावरचा बल्ब मात्र चालू, भिंतीवरचा पंखाही चालू. म्हणजे लाईट गेलेली नव्हती. मग गेलं काय?

सांगते. आमचं गाव हेमलकशापासून बारा किलोमीटर आत. आमच्या जंगलावरच्या हक्काचा दावा नकाशा नीट नाही म्हणून एकदा परत आलाय. यंदा हद्दीची खूण न् खूण ठाऊक असलेले कोलू दादा पुढे आणि मी फोन घेऊन मागे, अशी आम्ही सगळी हद्द पायी फिरलो. अकराशे चाळीस ठिकाणं नोंदली. ती जोडून नकाशा करायला कॉम्प्युटरला अर्धा तास लागतो. सलग. मध्येच बंद पडला की पुन्हा शून्य टक्के. बैठक उद्या.

कॉम्प्युटर नवा, ग्रामसभेचा. सावली गावच्या अश्वजितने एकेक भाग आणून जोडलेला. परवाच जीपमधून आला. प्रफुल्ल ग्रामसभेचा सचिव, त्याने तो मांडीवर धरून आणला.

दुसऱ्यांदा लावला. अठराव्या मिनिटाला

बंद. आणि वास. गरम गवताचा.

गावात फोन लागत नाही. तलावाच्या पाळीवर लागतो, पाच मिनिटं चालत. प्रफुल्ल गेला, घाम पुसत परत आला. अश्वजितने विचारलं होतं, तणस काढलं का?

कसलं तणस? प्रफुल्ल जमिनीकडे बघायला लागला. खराब रस्त्यात आतलं काही हलू नये म्हणून अश्वजितने कॉम्प्युटरच्या डब्यातच धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, ठासून भरलं होतं. सावलीकडे माठ, आंबे, काचेचं सामान असंच पाठवतात. पोचल्यावर काढा, असं तो बजावून म्हणाला होता. प्रफुल्ल विसरला.

झाकण उघडलं. ओढत गेले, निघतच गेलं. कोलू दादा दारात बसले होते. एवढं खातो तर दूध किती देतो, असं त्यांनी गोंडीत विचारलं. प्रफुल्ल हसला नाही. मी हसले, कारण दोष सापडला होता. तिसऱ्यांदा सुरू केला आणि सातव्या मिनिटाला

बंद.

सातव्या. तणस होतं तेव्हा अठरा. काढलं तर सात. मी पुन्हा करून पाहिलं. सहा. हवा अडवणारी गोष्ट काढली की यंत्र जास्त तापतं? मग मी जे करायला नको तेच केलं. मूठभर तणस परत कोंबलं, पाण्याची बादली शेजारी ठेवली, मिनिटं मोजली. सतरा.

प्रफुल्ल पुन्हा पाळीवर. या वेळी मीही गेले, कारण हे तिसऱ्याच्या तोंडून सांगण्यासारखं नव्हतं.

"तणस भरून जास्त चालते?" अश्वजित म्हणाला. "असं कसं होईन, ताई? तुमी मले येडा बनवून राह्यले."

मी आकडे सांगितले. त्याने ते पुन्हा एकदा विचारून घेतले. मग म्हणाला, बटण बंद करा, वायर काढा, आत तापणाऱ्या चिपवर चार खुंट्यांनी दाबून बसवलेला पंखा आहे, तो हलवून पाहा.

परत. हलवला. तीन कोपरे घट्ट, चौथा डुलत होता. काळी खुंटी चिरलेली. परत पाळीवर.

"म्हणजे तणसानंच पंखा दाबून धरला होता," तो म्हणाला. "खुंटी रस्त्यात तुटली, का मी कोंबताना तुटली, का तुमी ओढताना, मले खरंच नाई माहीत." नवी खुंटी सावलीहून यायला दोन दिवस. डबा आडवा ठेवा आणि तो कोपरा बोटाने दाबून धरा, पात्यांना हात लावू नका, एवढंच तो सांगू शकत होता.

शून्य टक्के. मी अंगठा ठेवला. नऊ मिनिटांनी बोट भाजल्यासारखं झालं, प्रफुल्लने घेतलं. कोणी कोणाचं बोट कधी काढायचं यावरून आम्ही दोघं भांडलो. पन्नास. एकसष्ट. बासष्ट. प्रफुल्लचा अंगठा घसरायला लागला तेव्हा कोलू दादा उठले, त्यांनी आपला अंगठा त्याच्या अंगठ्यावर ठेवला आणि खालचा अंगठा सरकू दिला.

नाल्यापलीकडचं बांबूचं रान आलं का, त्यांनी विचारलं. अजून नाही, म्हटलं. त्यांनी दाब वाढवला.

ब्याण्णव. शंभर. रेघ नाल्यावरून गेली, बांबूचं रान आत आलं. प्रफुल्लने नकाशा पेनड्राइव्हवर उतरवून घेतला, दोनदा उघडून बघितला, पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात घातला.

कोलू दादांनी विचारलं, आता सोडू का?

मी प्रफुल्लकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे.

थोडं थांबा, मी म्हटलं.