खऱ्या जरीचा ढीग

हकीमनने काठातून एक तार उपसली आणि चिमट्यात धरून दिव्याच्या ज्योतीवर नेली. तार लाल झाली, निवली, पांढरीच राहिली. चांदी. साडी उजवीकडच्या ढिगात गेली. पुढच्या साडीची तार काळी पडली, म्हणजे आत तांबं, ती डावीकडे. खोट्या जरीची एखादीही साडी खऱ्यांत मिसळून भट्टीत गेली, तर सगळी चांदी नासायची. म्हणून जुन्या साड्या जाळून चांदी काढणाऱ्या बनारसच्या त्या आवारात हे काम हकीमनखेरीज कुणाला देत नसत. तिचा हात कधी चुकला नव्हता, आणि हे चारचौघांत सांगायलाही ती चुकत नसे.

छन्नू भांडीवाल्याने गठ्ठा सोडला. जुन्या कपड्यांवर भांडी देत तो गावोगाव फिरायचा.

"खाला, ही ओढणी सरळ डावीकडे टाका. मऊ गावच्या एका म्हातारीने पातेल्यावर दिली."

हकीमनने ओढणी उलगडली. कोपऱ्यात निळ्या रेशमाचा मोर होता. तिच्या नवऱ्याने, यासीनने, लग्नाआधी खास तिच्यासाठी विणलेला. तीच ओढणी लेकीच्या डोक्यावर घालून तिने शबानाला मऊला सासरी धाडलं होतं.

"सरळ डावीकडे का रे?"

"म्हातारी म्हणते, सुनेच्या आईने खरी जरी म्हणून पितळ गळ्यात मारलं. सून तिथेच मान खाली घालून उभी होती. रोजचंच असावं."

"जिभेला हाड नाही त्या बाईच्या! अस्सल आहे ही."

"मग बघा की जाळून," असं म्हणत छन्नू पाय धुवायला नळावर गेला.

किती बायकांच्या लग्नाच्या साड्या तिने ज्योतीला लावल्या होत्या. या ओढणीची तार उपसायचं कधी मनातही आलं नव्हतं. खरी जरी आहे, असं यासीन म्हणाला होता; त्याच्या शब्दाची कसली परीक्षा घ्यायची?

तार काळी पडली. दुसरी घेतली. तीही काळी.

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, याचा तिला एवढा संताप कधी आला नव्हता. तिने शबानाला फोन लावला.

"बेटा, ओढणी नीट आहे ना?"

"हो अम्मी. कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवलीय."

"सासू काही बोलते का गं तिच्यावरून?"

"छे! उलट आल्या-गेल्याला काढून दाखवते."

हकीमनने मोरावरून बोट फिरवलं.

"अम्मी? अब्बांची आठवण आली का?"

"हो," ती म्हणाली. "ऊन दाखवत जा तिला." आणि फोन ठेवला.

छन्नू पाय पुसत आला. हकीमनने मोर आत घेऊन ओढणीची घडी घातली आणि उजव्या ढिगात पार तळाशी सारली.

"खरी निघाली," ती म्हणाली. "मऊला गेलास की म्हातारीला सांग. चार बायका असताना सांग."

"तुम्ही म्हणालात म्हणजे झालंच की, खाला!"

हकीमनने पुढची साडी ओढली.