कुंकवाला नाही म्हणून दाखवा

नोटीस आईच्या नावावर आली होती, पण ती होती माझ्यासाठी. सोसायटीचे चिटणीस, म्हणजे आमच्या डोक्यावरच्या ब्लॉकमध्ये राहणारे सबनीसकाका, त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेली. मी ती जिन्यातच उभी राहून वाचली. कडेवरचा माणिक कागदाचा कोपरा चघळत होता. चघळू दिला.

"आपल्या ब्लॉकमध्ये परज्ञातीय इसम सहकुटुंब राहत असून ते नियमास धरून नाही. तसेच सोसायटीतील एकाही कुटुंबाचा त्यांच्याशी हळदीकुंकवाचा व्यवहार राहिलेला नाही. सबब सदर इसमास ब्लॉक सोडण्यास सांगावे, अन्यथा आपले सभासदत्व रद्द करण्याचा ठराव रविवारच्या सभेपुढे मांडण्यात येईल."

सदर इसम म्हणजे माझा नवरा, एरिक. त्या वेळी सदर इसम गोरेगावच्या बाजूला दूध थंड करायची डॅनिश यंत्रं बसवत होता. अंधेरीहून मरोळमार्गे रोज सायकलनं जायचा, आणि रस्त्यातल्या प्रत्येक गवळ्याला मराठीत "काय, म्हशी बऱ्या?" असं विचारायचा.

सत्तेचाळीस साली अण्णांनी, माझ्या वडिलांनी, मला डेन्मार्कला तिथल्या लोकशाळांचा अभ्यास करायला पाठवलं. मी अभ्यासही केला आणि लग्नही केलं. तार वाचून अण्णांनी पत्र लिहिलं होतं, त्यात ओरडा नव्हता. "मुलगा माणसांशी कसा वागतो ते कळव. बाकीचं मी निस्तरीन." निस्तरायला ते राहिले नाहीत. गेल्या उन्हाळ्यात गेले. आई तीन खोल्यांत एकटी उरली, म्हणून ऑक्टोबरात आम्ही बोटीनं आलो. मी, एरिक, सहाव्या वर्षात असलेली शुभा आणि दोन वर्षांचा माणिक.

ही सोसायटी आमच्या ज्ञातीची. आठ बिऱ्हाडं. तिच्या पायाभरणीला अण्णा होते, आणि त्या चिखलात पाय रुतून मी रडले होते, असं आई सांगते.

नोटीस देण्याआधी सबनीसकाकांनी मला जिन्यात गाठलं होतंच. "वसू, राग मानू नकोस. वांद्र्याला अशा लोकांची सोय होते."

"कशा लोकांची, काका?"

"अगं, मिश्र."

"मिश्र डाळ असते, काका. ही माझी मुलं आहेत."

ते हसले नाहीत. आठवड्यानं नोटीस आली.

त्यातलं हळदीकुंकवाचं वाक्य मात्र माझ्या फार जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी मी हळदीकुंकू ठेवलं होतं. आठवडाभर एरिक आणि शुभा कारखान्यातली उरलेली जाळी कापून चहाची गाळणी बनवत होते, वाण म्हणून. शुभानं बोलावणं पाठ केलं होतं. वेणीत अबोली माळून तिनं सातही दारांत जाऊन म्हटलं, "आईनं शुक्रवारी हळदीकुंकवाला बोलावलंय, नक्की यायचं." सगळ्यांनी "बरं हो" म्हटलं, दोघींनी तिचे पिवळे केस बोटांत धरून पाहिले. आणि शुक्रवारी कोणी आलं नाही. शुभा सात वाजेपर्यंत दारात गुलाबदाणी घेऊन उभी होती. शेवटी तिनं स्वतःवरच शिंपडून घेतलं आणि म्हणाली, "मी आले. मला दे वाण." मी तिला गाळणं दिलं. दुसरं काय देणार होते?

शेजारची नलिनी तेवढी मागच्या दारानं आली. माझी शाळेतली मैत्रीण, आता याच इमारतीत सून. "माईंनी नको सांगितलंय गं," ती कुजबुजली. माई म्हणजे तिची सासू. "म्हणतात, ते लोक काय काय खातात."

"सध्या मटार उसळ खातात. नेतेस थोडी?"

तिनं नेली. वाटी मात्र धुऊन आमच्या खिडकीत ठेवली, हातात दिली नाही.

तर नोटीस. संध्याकाळी मी ती आईला वाचून दाखवली. आई तीळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"सभासदत्व गेलं तर ब्लॉक गेला," मी म्हटलं. "आम्ही निघतो, आई. तुझं घर का घालवायचं?"

"तुम्ही निघालात तर या घराचं मी काय करू? भिंती चाटू?" एक खडा तिनं बाजूला काढला. "ते मधलं वाक्य परत वाच."

मी वाचलं.

"एकाही कुटुंबाचा," आई म्हणाली. "म्हणजे एकानं जरी कुंकू घेतलं तरी श्यामसुंदर सबनीस खोटा पडतो."

"पण येतंय कोण आपल्याकडे?"

"बायका येत नसतील. रथसप्तमी व्हायचीय अजून, आणि तुला पाय आहेत." मग जरा थांबून म्हणाली, "मी जाऊ शकत नाही. माझ्या हातचं आता कोण घेणार? तू जा."

शनिवारी दुपारी चारला मी काळी चंद्रकळा नेसले. चारची वेळ मुद्दाम धरली. तेव्हा बायका वामकुक्षी आटपून चहाला लागतात, कोणाला "घाईत आहे" म्हणता येत नाही. माझ्या हातात तबक, शुभाच्या हातात कुंकवाचा करंडा. तिला मी एकच सांगितलं होतं, "सांडायचा नाही."

पहिलं दार माईंचं. त्या ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. मी काही न बोलता बोट कुंकवात बुडवून पुढे केलं, आणि माईंचं कपाळ आपोआप पुढे आलं. चाळीस वर्षांची सवय. माई भानावर आल्या तेव्हा कुंकू लागून गेलं होतं.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. हातात गाळणं घेतलं, उजेडाकडे धरून पाहिलं. "जाळी बारीक आहे हो. कुठून आणलीस?"

"जावयानं केली तुमच्या."

मागं नलिनी पदर तोंडात कोंबून हसत होती.

पुढची तीन दारं अशीच झाली. एकीनं डोळे मिटून घेतले, जसं काही इंजेक्शन आहे. एकीनं शुभाला लाडू दिला, वर सांगितलं, "ह्यांना सांगू नकोस." पण तोवर बातमी जिन्यानं आमच्या पुढे चढली होती. वरच्या मजल्यावर पहिल्या दारातून आवाज आला, "शिवू नकोस गं, मी बाहेरची आहे." दुसऱ्या दारातूनही तेच.

"एकाच दिवशी दोघी?" मी विचारलं. "बरं. चौथ्या दिवशी न्हालात की येते. मंगळवारी, चार वाजता. करंडा घेऊनच."

आतून कडी सरकली.

राहिलं सबनीसांचं दार. रत्नप्रभाकाकू चौकटीला हात लावून उभ्याच होत्या. लहानपणी मला गोवर आला तेव्हा याच काकू माझ्या उशाशी बसल्या होत्या. हे मला आठवत होतं. त्यांनाही आठवत असणार.

"तुम्ही आला नाहीत, म्हटलं पाय दुखत असतील," मी म्हटलं.

"पाय ठणठणीत आहेत माझे. वसू, स्पष्ट बोलते. सवाष्णीनं सवाष्णीला कुंकू लावायचं असतं. तुझं लग्न कुठल्या कचेरीत लागलं. ना होम, ना सप्तपदी."

"नवरा जिवंत आहे माझा, काकू. खाली पंक्चर काढतोय, वाकून बघा. सवाष्ण व्हायला आणखी काय लागतं?"

शुभानं कठड्यावरून खाली हाक मारलीच, "बाबा!" खालून आवाज आला, "काय गं?"

काकूंनी खाली पाहिलं नाही. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला पेचात नको टाकूस. ह्यांनी सांगून ठेवलंय."

"मग सोपं आहे. 'मला कुंकू नको', एवढं तोंडानं म्हणा. मी जाते खाली. परत कधी येणार नाही."

आत सबनीसकाका खोकले. वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज झाला. काकूंनी त्या खोकल्याकडे वळून पाहिलं, मग माझ्या बोटाकडे. सत्यनारायणाला, वटपौर्णिमेला, रोज तिन्हीसांजा तुळशीपाशी ज्यासाठी पदर पसरला, त्याला आपल्याच तोंडानं नको म्हणायचं? कुठल्या बाईची जीभ उचलेल? ही माझी क्रूरता होती. मला कळत होतं. पण माझी मुलगी दोन तास दारात उभी होती, तेव्हा कोणाची जीभ अडली नव्हती.

"निर्दय झालीस गं तिकडे जाऊन."

"तिकडे नाही, काकू. इथंच, या जिन्यात."

त्यांनी मान पुढे केली. कुंकू जरा वाकडं लागलं. काकू आत गेल्या, आपला चांदीचा करंडा घेऊन आल्या, मला लावलं, शुभाला लावलं. तिच्या हातात एक फणी ठेवली. "केसांचं गवत केलंय पोरीच्या. तेल लावत जा," असं म्हणून दार लावून घेतलं.

रविवारी सभा सबनीसांच्याच गॅलरीत भरली. आई सभासद, म्हणून ती सतरंजीवर. मी सभासद नाही, म्हणून माणिकला घेऊन उंबऱ्याबाहेर. सबनीसकाकांनी नोटीस वाचली. ते वाक्य त्यांनी भरभर उरकलं.

"थांबा," आई म्हणाली. "ते परत वाचा."

"वहिनी, भावनेच्या भरात..."

"भावना नाही, भावजी. कुंकू. काल पाच घरी झालं. विचारा एकेकाला."

पुरुष सतरंजीची नक्षी बघायला लागले. शेवटी नलिनीचा नवरा सहदेव डोकं खाजवत म्हणाला, "आमच्याकडे झालं बुवा. आईनं घेतलंय, वाणही घेतलंय. खोट्यावर सही कशी करू?"

"माझ्याकडेही झालं," आतल्या दारातून काकू म्हणाल्या. त्या बाहेर आल्या नाहीत. "चिटणिसांच्या घरातली गोष्ट चिटणिसांना ठाऊक नसेल, तर वहीत ते काय लिहिणार?"

कोणीतरी हसलं. सबनीसकाकांचे कान लाल झाले. त्यांनी ते वाक्य खोडलं, पेनाला टोपण लावलं. "नियमाचा मुद्दा उरतोच. ठराव पुढच्या सभेला येईल."

"कधी?" मी विचारलं.

"तुला इथे बोलण्याचा अधिकार नाही."

"बोलत नाहीये, काका. तारीख विचारतेय."

"मार्चात."

खाली एरिक माणिकचं दूध गार करत बसला होता. "जिंकलो?"

"मार्चपर्यंत."

त्यानं बोटांवर महिने मोजले. "मार्चमध्ये काय काढतील?"

"काहीतरी काढतील. मग मीही काढीन."

दुपारी पाणी भरताना काकू भेटल्या. आपली कळशी भरली आणि गेल्या. मग मी माझी भरली. आमचं काही गोड झालं नव्हतं. मला गोड नको होतं, मला माझ्या आईचं घर हवं होतं, आणि त्या घरात माझा नवरा नि माझी मुलं.

जेवणं झाली. आई लवंडली. एरिक छताकडे बघत होता. "मुलांसाठी झोपाळा टांगावा म्हणतो. लोखंडी कड्या आणल्यात. पण छिद्रं पाडावी लागतील. मार्चनंतर करू?"

वर सबनीसांची वामकुक्षीची वेळ होती. शुभानं स्टूल आधीच आणून ठेवलं होतं.

"आत्ता कर," मी म्हटलं. "मोठा हातोडा घे."